काँक्रीट रस्त्याची निविदा सभेपुढे आली आहे: ठरावापासून बिलापर्यंत कोणते कागद कधी पाहायचे?

प्रभाग_पाच यांचा प्रश्न:

आमच्या ब वर्ग नगरपरिषदेत डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर पुन्हा लोकनियुक्त सभागृह आलं. मधली काही वर्षं प्रशासकच होते. त्यामुळे बहुतेक नगरसेवक नवे, आणि सभागृहाला कागद दाखवायची कार्यालयाची सवय सुटलेली. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर असा विषय आहे: "प्रभाग क्र. 5 मधील अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण व गटार बांधकाम, प्राप्त निविदांवर विचारविनिमय करून निर्णय घेणे." बस, एवढंच. रक्कम नाही, टिपणी जोडलेली नाही.

चौकशीतून कळलं ते असं. रस्ता 320 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 15 सें.मी. जाडीचं एम-30 (हा मजबुतीचा दर्जा) काँक्रीट, दोन्ही बाजूंना आरसीसी गटार. निविदा रक्कम जीएसटी सोडून 48 लाख. तीन निविदा आल्या: एक 19 टक्के बिलो (म्हणजे निविदा रकमेपेक्षा कमी), एक 4 टक्के बिलो आणि एक ॲट पार (तेवढ्याच रकमेची).

त्याच विषयपत्रिकेवर एकाच कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकची चार कामंही आहेत, प्रत्येकी 9 लाख 80 हजारांच्या आसपास.

आमच्या प्रभागातल्या नगरसेविका नव्या आहेत, त्यांच्यासाठी विचारतोय:
1. या टप्प्यावर सभागृहाच्या हातात नेमकं काय असतं?
2. 19 टक्के बिलो म्हणजे नऊ लाख वाचले असं धरायचं का?
3. कोणते कागद मागायचे आणि कोणाकडे?
4. चार कामांचं प्रकरण नियमात बसतं का?

---

बी_वन यांचं उत्तर:

चौथ्यापासून सुरू करतो, कारण ते सरळ आहे. ई-निविदेची मर्यादा आधी तीन लाख होती, ती वाढून दहा लाख झाली. त्यामुळे 9.80 हा आकडा महाराष्ट्रातल्या कुठल्याही विषयपत्रिकेवर दिसला की थांबून बघायचं. काम लहान असणं हा गुन्हा नाही. तुकडे पाडले आहेत का, हे ओळखायला चारही अंदाजपत्रकं शेजारी ठेवा. एकाच लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून) खर्च, एकाच तारखेची तांत्रिक मान्यता, एकाच रस्त्याचे लागोपाठचे भाग (पहिल्यात "पाटील यांचे घर ते दत्त मंदिर", दुसऱ्यात "दत्त मंदिर ते पाण्याची टाकी") आणि बाबींचे दर पैशापर्यंत सारखे. या खुणा असतील तर ते एकच 39 लाखांचं काम आहे आणि ते ई-निविदेने जायला हवं होतं. स्थानिक निधी लेखापरीक्षेत हा आक्षेप हमखास निघतो, पण तोवर पेव्हर बसून दोन पावसाळे झालेले असतात.

आता मुख्य काम. फाइल ज्या क्रमाने तयार होते त्याच क्रमाने वाचायची, म्हणजे गाळलेली पायरी दिसते. आधी निधी कुठला ते पाहा: नगरपरिषद फंड, जिल्हास्तर नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, रस्ता अनुदान की वित्त आयोग. हे महत्त्वाचं, कारण 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या अनुदानात आपल्यासारख्या शहरांसाठी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. त्या बंधित पैशातून रस्ता करता येत नाही. अशा वेळी गटाराचं नाव पुढे करून रस्ता मागून आत घेतला जातो. तुमच्या कामाच्या नावात दोन्ही आहेत, म्हणून म्हणतो.

मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, प्रारूप निविदेला मंजुरी, निविदा सूचना, लिफाफा 1 (पात्रतेचे कागद), लिफाफा 2 (दर), तुलनात्मक तक्ता (सर्व निविदांचे दर शेजारी मांडलेला), दरमंजुरी, करारनामा, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश). तांत्रिक मान्यता नगर अभियंत्याच्या अधिकारात बसत नसेल तर ती सार्वजनिक बांधकाम किंवा जीवन प्राधिकरणाच्या कार्यकारी अभियंत्याकडून येते. मान्यतेच्या पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख असते. निविदा सूचनेची तारीख तिच्या आधीची निघाली, तर बाकी फाइल वाचायची फार गरज उरत नाही.

सभागृहाच्या हातात काय? दरमंजुरी साधारणपणे स्थायी समितीत होते. समिती नसेल किंवा विषय मुद्दाम वर आणला असेल तर सर्वसाधारण सभेत. या टप्प्यावर तीनच गोष्टी करता येतात: सर्वात कमी देकार (ठेकेदाराने भरलेला दर) मंजूर करणे, कारण नोंदवून सर्व निविदा फेटाळणे, किंवा माहिती अपुरी म्हणून विषय पुढे ढकलणे. दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदाराशी बोलणी करून त्याला काम देणं यात बसत नाही. वाटाघाट करायचीच झाली तर ती फक्त पहिल्या क्रमांकाशी, तीही दर अंदाजपत्रकापेक्षा वर असेल तेव्हा.

---

लीड_चार्ट यांचं उत्तर:

19 टक्क्यांबद्दल. बिलोचे दोन अर्थ असतात. एक तर अंदाजपत्रक फुगलेलं आहे, नाहीतर ठेकेदार काम कापणार आहे. बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं.

फुगवटा कुठे असतो? दरसूचीतले (शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीतले) मूळ दर सहसा कोणी बदलत नाही, ते लगेच पकडता येतात. खेळ होतो लीडमध्ये, म्हणजे माल आणण्याच्या अंतरात. दरसूचीचा दर ठरावीक वाहतूक धरून असतो. त्यापुढच्या अंतराला खडी, मुरूम, वाळू, सिमेंट आणि लोखंड यांचा वहनखर्च वेगळा धरतात. अंदाजपत्रकाच्या मागे लीड चार्ट नावाचं एकच पान असतं. त्यात खाण कुठली, अंतर किती किलोमीटर, हे लिहिलेलं असतं आणि त्याखाली अभियंत्याची सही. खाण गावापासून 12 किलोमीटरवर असताना चार्टमध्ये 35 लिहिलं, की खडी लागणाऱ्या प्रत्येक बाबीचा दर चढतो आणि वरून सगळं दरसूचीप्रमाणेच दिसतं. त्यामुळे पहिल्यांदा ते पान मागा आणि मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी जागा म्हणजे ज्या बाबी कधी होणारच नाहीत त्या. कठीण खडकातलं खोदकाम, पाणी उपसणे, जुन्या काँक्रीटची तोडफोड, माहिती फलक. काळ्या मातीच्या गावठाणात 60 घनमीटर कठीण खडक दाखवला असेल तर तो प्रश्न सभेत विचारण्यासारखा आहे.

आता कमी दराची अतिरिक्त सुरक्षा ठेव. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या 2018 च्या शासन निर्णयांनी ठरवलेली पद्धत बहुतेक नगरपरिषदा आपल्या निविदा अटींत घालतात. तुमच्या निविदेत ती अट आहे ना, हे आधी पाहा. हिशोब असा: देकार 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर 1 टक्का. 10 ते 15 च्या दरम्यान असेल तर दहाच्या वर जितके टक्के तितके, अधिक तो 1. म्हणजे 14 टक्के बिलोला 5 टक्के. पंधराच्या पुढे प्रत्येक टक्क्याला दुप्पट. तुमचं उदाहरण: 1 अधिक 5 अधिक (4 गुणिले 2), एकूण 14 टक्के. 48 लाखांवर 6 लाख 72 हजार रुपये. ही रक्कम नेहमीच्या सुरक्षा ठेवीखेरीज आहे.

ती दिलेल्या मुदतीत जमा झाली का, धनाकर्ष (डीडी) खरा आहे का, बँकेकडून खातरजमेचं पत्र आलंय का, हे तुलनात्मक तक्त्याखालच्या टिपणीत लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर सभागृहाने दर मंजूर करूच नये. ठेव न भरलेल्या देकाराला मंजुरी दिली की पुढे ठेकेदार म्हणतो, "बिलातून कापून घ्या." आणि मग ती बिलातूनही कापली जात नाही.

---

जुनीफाइल यांचं उत्तर:

@लीड_चार्ट, बिलो म्हणजे गडबड असा सूर नको. ज्या गावात स्पर्धा आहे तिथे 15-20 टक्के बिलो रोज जातं आणि कामंही होतात. दरसूचीतच ठेकेदाराचा नफा आणि वरकड खर्च धरलेला असतो. स्वतःचा प्लँट आणि डंपर असलेला माणूस पावसाळ्याआधी यंत्र रिकामं ठेवण्यापेक्षा कमी दरात काम घेतो.

मला उलट बाकीच्या दोन निविदांबद्दल जास्त विचारायचंय. 4 टक्के बिलो आणि ॲट पार, हे भाव 'सपोर्टला', म्हणजे संख्या दाखवण्यापुरत्या भरलेल्या निविदांचे वाटतात. रिंग (ठेकेदारांनी आपसात दर ठरवून घेणं) करायची ठरली होती, आणि शेवटच्या दिवशी बाहेरचा एक जण घुसला, असंही असू शकतं. तसं असेल तर तुमच्या गावाचं भलंच झालं. अशा वेळी पुढचा डाव काय असतो ते सांगतो: तो बाहेरचा कमी दरवाला लिफाफा 1 मध्येच बाद करायचा. एखादं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात नाही, एखादा दाखला एका दिवसाने जुना. इथे तो बाद झालेला नाही, हे चांगलं लक्षण. किंवा लिफाफे उघडून झाल्यावर विषय दोनदा तहकूब करायचा, निविदेची वैधता मुदत संपवायची आणि फेरनिविदा काढायची. म्हणून नगरसेविकांनी तहकुबीची मागणी करताना पहिल्यांदा वैधता कोणत्या तारखेला संपते ते विचारावं. नाहीतर चांगल्या हेतूने केलेली तहकुबी नको त्या माणसाच्या पथ्यावर पडते.

---

बी_वन:

मान्य. तहकुबी मागताना तारीख घालूनच मागावी: अमुक दिवसांत विशेष सभा.

आणि स्पर्धा होती की नव्हती हे अटींवरून कळतं, दरावरून नाही. निविदेच्या अटींत तीन जागा पाहा. पहिली, आरएमसी (तयार काँक्रीट बनवणाऱ्या) प्लँटच्या मालकीची किंवा ठरावीक अंतरातल्या प्लँटच्या करारपत्राची अट. 192 घनमीटर काँक्रीटच्या कामाला स्वतःचा प्लँट कशाला? दुसरी, स्थळ पाहणीचा दाखला नगर अभियंत्याच्या सहीने आणायची अट. तो दाखला मागायला कोण आलं, हे कळलं की निविदा कोण भरणार हे आधीच कळतं. ई-निविदेचा सगळा पडदा तिथेच गळून पडतो. तिसरी, तशाच कामाच्या अनुभवाची अट, जी गावातल्या एकाच ठेकेदाराच्या मागच्या कामाशी तंतोतंत जुळते.

निविदा क्षमतेचं सूत्र मात्र योग्य अट आहे: अ गुणिले न गुणिले 2, वजा ब. अ म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या एका वर्षात केलेलं सर्वाधिक काम, न म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे हातातली बाकी कामं. समजा अ 60 लाख, मुदत सहा महिने, म्हणजे न 0.5, आणि हातात 25 लाखांची कामं. येतात 35 लाख. 48 लाखांचं काम त्याला देता येत नाही. गोम 'ब' मध्ये असते. हातातली कामं लपवली जातात. त्याच ठेकेदाराला तुमच्याच नगरपरिषदेने दिलेले चालू कार्यादेश त्याच्या यादीत आहेत का, एवढं ताडलं तरी पुष्कळ.

---

इतिवृत्त यांचं उत्तर:

निविदेचं वरच्या मंडळींनी सांगितलं. मी सभेचं सांगतो, कारण नवे नगरसेवक अडकतात ते तिथेच.

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी मिळायला हवी. नोटीस बजावल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. नोटिशीबरोबर टिपणी नसेल तर ती लेखी मागायची. तोंडी मागितलेलं इतिवृत्तात येत नाही.

पहिला विषय बहुतेक वेळा "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा असतो आणि चहा येईपर्यंत तो संपतो. खरं तर सर्वात जास्त डोळ्यांत तेल घालून बसायचं ते इथेच. सभेत झालेला ठराव आणि नंतर लिहिलेला ठराव यात फरक पडतो तो एका वाक्याचा: "पुढील सर्व कार्यवाहीचे अधिकार नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांना देण्यात येत आहेत." हे वाक्य दरमंजुरीच्या ठरावात शिरलं की मुदतवाढ, जादा बाबी, परिमाणांतली वाढ, काहीच पुन्हा सभेपुढे येत नाही. ठराव वाचून दाखवला जातो तेव्हा हे वाक्य ऐकू आलं तर लगेच हरकत घ्या आणि मर्यादा घाला: "मंजूर रकमेच्या आत, मंजूर मुदतीत."

ऐनवेळचे विषय हा दुसरा सापळा. नोटिशीत नसलेला विषय असा सहज घेता येत नाही, पण आपल्याकडे "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" ही ओळ छापूनच येते. निविदेचा किंवा खर्चाचा विषय तिथे आला तर विरोध नोंदवायचाच.

विरोध कसा नोंदवायचा: हात वर करून "माझा विरोध" एवढंच म्हणू नका. विषय क्रमांक, कारण आणि नाव लिहिलेला कागद सभा चालू असताना पीठासीन अधिकाऱ्यांकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नंतर इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" लिहून आलं तर तो कागद कामाला येतो.

ठराव बेकायदा वाटत असेल तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम 308 आहे. जिल्हाधिकारी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात. मुख्याधिकारी स्वतःहून असा प्रस्ताव पाठवू शकतात, आणि नगरसेवक किंवा नागरिकही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. पण कार्यादेश निघून खोदाई झाल्यावर केलेला अर्ज फार पुढे जात नाही. ठरावाची नक्कल मिळाली की त्याच आठवड्यात अर्ज गेला पाहिजे.

आणखी एक, कोणाला उद्देशून नाही: नगरसेवकाचा ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर कलम 44 खाली पद जाऊ शकतं. नवे लोक दिराच्या फर्मच्या नावावर पेव्हर ब्लॉकचं काम घेतात आणि 'माझं नाव कुठेच नाही' म्हणतात. त्या फर्मला जागा, जामीन किंवा बँक खात्यातून पैसे कोणी दिले, हे सगळं चौकशीत निघतं.

---

प्रभाग_पाच:

सर्वांचे आभार. लीड चार्टचं पान मिळालं, त्यात खडीचं अंतर 38 किलोमीटर आहे. गावाजवळची खाण 14 वर आहे. अभियंता म्हणतात, "जवळच्या खाणीची परवानगी संपली आहे." हे खरं असू शकतं का?

दुसरं: समजा दर मंजूर झाला आणि काम सुरू झालं. मग जागेवर काय बघायचं? आमच्याकडे तांत्रिक माणूस नाही.

---

लीड_चार्ट:

खरं असू शकतं. खाणपट्ट्याची मुदत तहसील कार्यालयात किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे कळते. पण मग बिलाबरोबरच्या वाहतूक पासांवर खाण कुठली आहे तेही बघा. अंदाजपत्रक 38 किलोमीटरचं आणि पास 14 किलोमीटरवरच्या खाणीचे, असं निघालं तर तिथे लीडच्या फरकाची वसुली काढता येते. पास मुळीच नसतील तर स्वामित्वधन (खनिजावरचं शासनाचं शुल्क) बिलातून कापलं गेलं पाहिजे. तुमच्या रस्त्याखाली 15 सें.मी. जाडीचा खडी-मुरमाचा थर धरला तर दाबून झालेला माल 192 घनमीटर, म्हणजे साधारण 68 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). सुटा माल त्याहून जास्तच लागतो. पास 30 ब्रासचे असतील तर उरलेला थर कशाचा भरला?

---

एम_बी_पान यांचं उत्तर:

जागेवरचं मी सांगतो. तांत्रिक माणूस लागत नाही. टेप, वही आणि फोन पुरतो.

आधी आकडे पाठ करा. 320 गुणिले 4, म्हणजे 1,280 चौरस मीटर. 15 सें.मी. जाडीला 192 घनमीटर काँक्रीट. 6 घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या 32 खेपा. प्रत्येक खेपेचं चलन असतं, त्यावर ग्रेड, घनमीटर, प्लँटवरून निघाल्याची वेळ आणि गाडी क्रमांक. चलनांचे फोटो काढा. बिलात 192 आणि चलनं 27 असतील तर पुढे बोलायलाच नको.

जाडी 15 ऐवजी 13 भरली तर 2 सें.मी. गुणिले 1,280, म्हणजे 25.6 घनमीटर काँक्रीट कमी. दर घनमीटरला 7,000 धरला तरी 1 लाख 79 हजार. 19 टक्के बिलोचा खड्डा असाच भरून काढतात. साच्याच्या लोखंडी चॅनलची उंची 15 सें.मी. असते म्हणून कडेला जाडी बरोबर दिसते. चोरी मध्यभागी असते, खालचा थर उंच ठेवून. ओतण्याआधी दोन्ही बाजूंच्या चॅनलवर दोरी ताणा आणि मध्यात दोरीपासून खालच्या थरापर्यंत टेप लावा. दर दहा मीटरला एकदा. फोटोत टेपचा आकडा आणि मागचं घर दोन्ही दिसू द्या.

झाकली जाणारी कामं, म्हणजे खोदाई, मुरूम, खालचं एम-10 काँक्रीट, यांची मोजमापं झाकण्याआधी मोजमाप पुस्तिकेत चढली पाहिजेत. पुस्तिकेत तिन्ही थरांची मोजमापं एकाच तारखेला, एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली दिसली तर समजून जा. सुरुवातीच्या लेव्हल (जमिनीच्या उंचीची मोजमापं) घेतल्याचं पुस्तक वेगळं असतं, तेही मागा. ते नसेल तर खोदाईचं परिमाण निव्वळ अंदाज आहे.

क्यूब (काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचे ठोकळे): आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 192 घनमीटरला किमान 7 नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे 21 क्यूब. काम रोज थोडं थोडं झालं तर रोजचे वेगळे, म्हणजे आणखी जास्त. 28 दिवसांचा अहवाल येण्याआधी अंतिम बिल निघालं असेल तर क्यूब कागदावरच भरले आहेत. शंका आली तर कोअर (रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना) काढायला लावा, शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून. तीन कोअरची सरासरी ग्रेडच्या 85 टक्के आणि एकही 75 टक्क्यांच्या खाली नको. कोअरमध्ये जाडीही मोजली जाते, ती फुकटची साक्ष. कोअर कुठे काढायचा हे ठेकेदाराने दाखवलं तर तो घेऊ नका; जागा नगरसेविकांनी किंवा त्रयस्थ संस्थेने दाखवावी.

सांधे कापणं: दर 4 ते 4.5 मीटरला आडवा काप, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 4-5 सें.मी. खोल. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशी दुपारी कापला तर रस्त्याने आपली जागा आधीच निवडलेली असते, भेग पडून. पाणी मारणं किमान 14 दिवस. इथे गावाचं लक्ष सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे, कारण अभियंता रोज येत नाही आणि पोतं ओलं आहे की कोरडं हे कोणालाही कळतं.

परिमाण वाढलं तर? बी-1 करारात (टक्केवारी दराच्या कामांच्या ठरावीक करारनमुन्यात) कलम 38 आहे. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तर निविदेच्याच दराने. त्यापुढचं वेगळ्या दराने. म्हणून दरसूचीपेक्षा खूप कमी दरात गेलेल्या कामात अचानक 'जादा बाबी' उगवतात: नवी बाब म्हणजे नवा दर. तुमच्या ठरावात "मंजूर रकमेच्या आत" हे शब्द असतील तर प्रत्येक जादा बाब सभेपुढे यावी लागेल. @इतिवृत्त यांचा मुद्दा इथे कामाला येतो.

देयकातून कपाती झाल्या का तेही बघा: जीएसटीचा टीडीएस 2 टक्के (करार अडीच लाखांपेक्षा जास्त असल्याने), आयकर व्यक्तीला 1 आणि फर्मला 2 टक्के, कामगार कल्याण उपकर 1 टक्का, सुरक्षा ठेव निविदेप्रमाणे. जीएसटी 18 टक्के आहे, म्हणजे 38 लाख 88 हजारांवर जवळपास 7 लाख. 'नऊ लाख वाचले' म्हणताना तो अंदाजपत्रकात आणि देकारात दोन्हीकडे सारखाच धरा.

---

पोर्टलवाला यांचं उत्तर:

छोटी भर. कागद कार्यालयातून मिळायच्या आधी महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर) बरंच दिसतं आणि लॉगिन लागत नाही. निविदेचा क्रमांक वर्ष_डीएमए_आकडा_1 अशा रूपाचा असतो. निविदा स्थितीत तांत्रिक लिफाफा उघडल्याचा सारांश, कोण पात्र कोण अपात्र, आणि आर्थिक तुलना दिसते. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या म्हणून फेरनिविदा काढली असेल तर तिला नवा क्रमांक मिळतो. जुना क्रमांक शोधून दोन्ही वेळच्या अटी शेजारी ठेवा. मधे एखादी अट वाढली असेल तर ती कोणासाठी वाढली हे पात्र यादीत दिसतं. शुद्धिपत्रकंही वाचा. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी टाकलेल्या शुद्धिपत्रकाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बाकी माहिती अधिकारात. अर्ज दहा रुपये, महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत. "या कामाची संपूर्ण फाइल" असं लिहिलं की अर्ज परत येतो. मोजमाप पुस्तिकेची पानं, क्यूब अहवाल आणि चलनं एवढंच मागा. कलम 2 मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात.

---

प्रभाग_पाच:

सभा परवा आहे. टिपणी अजून मिळालेली नाही. उद्या काय करायचं?

---

इतिवृत्त:

उद्या सकाळी आवक विभागात मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र, प्रत नगराध्यक्षांना. मजकूर एवढाच:

"दि. … च्या सर्वसाधारण सभेतील विषय क्र. … बाबत खालील कागदपत्रांची नक्कल नोटिशीसोबत मिळालेली नाही: कार्यालयीन टिपणी, तांत्रिक मान्यतेचे पत्र, लीड चार्ट, तुलनात्मक तक्ता, पहिल्या क्रमांकाच्या निविदाकाराने भरलेल्या अतिरिक्त सुरक्षा ठेवीची बँक खातरजमा, निविदेची वैधता समाप्तीची तारीख. सदर कागदपत्रे सभेपूर्वी मिळावीत. न मिळाल्यास विषय निविदा वैधता मुदतीच्या आत घेतल्या जाणाऱ्या विशेष सभेपर्यंत तहकूब ठेवावा, अशी माझी सूचना असून ती इतिवृत्तात नोंदवावी."

पेव्हरच्या चार विषयांसाठी वेगळं पत्र, एकात मिसळू नका. सूचना मांडायला सूचक म्हणून त्या आहेतच; अनुमोदक आजच ठरवून ठेवा, आणि तो स्वीकृत सदस्य नसावा, कारण स्वीकृत सदस्यांना मत नाही. दोन्ही पत्रांच्या पोचेवर शिक्का, आवक क्रमांक आणि वेळ घ्या. वेळ हाताने लिहून देत असतील तरी चालेल.